लाइटरूम, कॅप्चर वन की फुकटातलं डार्कटेबल? फोटोचं सॉफ्टवेअर निवडायची सोलापुरी पद्धत

लग्नसराई उरकली आणि पावसाळा लागला की आपल्या सोलापुरात स्टुडिओवाल्यांना जरा उसंत मिळते, आणि मग नव्या पेठेत चहा पिता पिता हा विषय निघतोच निघतो. "लाइटरूमचं भाडं किती वर्षं भरायचं बे, दुसरं काय चांगलं हाय का?" मग एकजण कॅप्चर वनचं नाव घेतो, दुसरा म्हणतो डार्कटेबल फुकट आहे की, तिसऱ्याकडं क्रॅक मारलेलं फोटोशॉप असतं त्यामुळं तो गप्प बसतो.

यूट्यूबवर याची कंपॅरिझन ढिगानं आहेत, पण बहुतेकांत एकच फोटो दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडून सावल्या वर ओढून दाखवतात आणि विजेता जाहीर करतात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आज जी चारपाच बरी सॉफ्टवेअरं आहेत त्यात एका फोटोचं एडिटिंग सगळ्यांतच चांगलं होतं, शिकायला वेळ दिला पाहिजे फक्त. खरा फरक कळतो तो हार्डडिस्कवर लाखभर फोटो साचल्यावर, तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला आजीचा फोटो कुणीतरी अचानक मागितल्यावर, किंवा ते सॉफ्टवेअर सोडायची वेळ आल्यावर. म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो: सोडून जाताना आपल्या हातात काय राहणार ते आधी बघायचं, स्लायडर मागाहून.

पायरी १: आपलं काम नक्की काय आहे ते कागदावर लिहा

हे ऐकायला सोपं वाटतं पण कोणी करत नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरची दोन वेगवेगळी कामं असतात. एक म्हणजे फोटो सांभाळणं: कार्डावरून उतरवणं, छाटणं, स्टार देणं, नावं-कीवर्ड टाकणं, नंतर शोधणं. दुसरं एडिटिंग, आणि त्यातपण दोन भाग आहेत, एक रॉ फाइलचा (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल) रंग-उजेड ठीक करणं आणि दुसरं लेअर लावून कापाकापी, चेहऱ्यावरचे डाग, अल्बमची पानं वगैरे. लाइटरूम क्लासिक सांभाळणं आणि रॉ दोन्ही करतं. फोटोशॉप फक्त शेवटचं करतं (रॉ उघडायला कॅमेरा रॉ सोबत येतं, पण फोटो सांभाळणं त्याचं काम नाही). रॉथेरपी फक्त रॉ. डिजिकॅमचं मुख्य काम सांभाळणं. ज्याला जे जमत नाही त्याच्याकडून ते करून घ्यायला गेलं की माणूस वैतागतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.

आता आपल्याकडं कामं कोणकोणती असतात बघा. लग्नवाल्याचं काम म्हणजे एका कार्यक्रमाचे दोन-तीन हजार फोटो, पार्टीकडून सिलेक्शन, मग छापील करिझ्मा अल्बम. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्याला प्रॉडक्ट फोटो लागतात, तिथं फोटो कमी पण प्रत्येक पीसचा रंग तंतोतंत पाहिजे, कारण मोबाईलवर लाल दिसलेली चादर घरी मरून रंगाची निघाली की माल परत येतो. नान्नजच्या माळरानावर काळवीट नाहीतर लांडग्यामागं फिरणाऱ्याला लांब लेन्स, पहाटेचा कमी उजेड आणि वाढवलेला आयएसओ, म्हणजे त्याची गरज डीनॉइजची, फोटोतले दाणे काढायची. आणि घरगुती माणसाला पोरांचे फोटो, वडिलांच्या काळातले स्कॅन केलेले प्रिंट, नातेवाइकांचे चेहरे शोधणं एवढंच पाहिजे असतं. या चौघांना एकच उत्तर लागू पडेलच असं नाही, आणि "बेस्ट कुठलं" हा प्रश्न इथंच बाद होतो.

तर लिहा: महिन्याला अंदाजे किती फोटो, रॉ की जेपेग, शेवटी काय हातात द्यायचं (अल्बम, वेबसाइटचे फोटो, मोठा प्रिंट का नुसतं व्हॉट्सअॅप), आणि जुना फोटो शोधायची वेळ किती वेळा येते.

पायरी २: बाहेर पडायचं दार आधी बघा

पिकासा आठवतंय का? आपल्याकडं प्रत्येक सायबर कॅफेत आणि प्रत्येक घरी होतं. गूगलनं २०१६ मध्ये बंद केलं. त्यात दिलेले स्टार प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या छोट्या फाइलमध्ये असायचे आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती फाइल वाचायची काही गरज वाटत नव्हती. अॅपलचं अॅपर्चर तर पैसे देऊन घेतलेलं प्रोफेशनल सॉफ्टवेअर होतं, तेपण २०१५ ला विक्रीतून गेलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून चालायचंच बंद झालं. म्हणजे फुकटातलं बंद पडतं आणि विकतचं टिकतं असंही काही नाही.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. तुम्ही केलेलं रॉ एडिटिंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात नाही. लाइटरूममध्ये तुम्ही हायलाइट (फोटोचा उजळ भाग) उणे ६० केला तर कॅप्चर वनला त्या ६० चा अर्थ कळत नाही, दोघांचं गणितच वेगळं आहे. डार्कटेबल लाइटरूमच्या काही सेटिंग जमेल तशा उचलतं पण फोटो हुबेहूब तसा दिसत नाही. मग जातं काय? तर स्टार, कीवर्ड, कॅप्शन, कॉपीराइट, जागेचं लोकेशन, हे सगळं. कारण हे एक्सएमपी नावाच्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या पद्धतीत लिहिता येतं. जेपेग आणि डीएनजी (अडोबीची रॉ फाइलची पद्धत) असेल तर ते फाइलच्या आतच बसतं, कॅननच्या सीआर३ किंवा निकॉनच्या एनईएफसारख्या रॉला शेजारी एक छोटी वेगळी फाइल तयार होते.

पण "लिहिता येतं" आणि "लिहिलं जातं" यात फरक आहे. लाइटरूम क्लासिक हे सगळं आधी स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नोंदवहीत, ठेवतं, एक्सएमपीत आपोआप लिहायची सेटिंग मुळात बंद असते, ती कॅटलॉग सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. चालू केली तरी कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोचं दुसरं एडिटिंग) त्यात जात नाहीत, आणि पिक-रिजेक्टचे झेंडेही बराच काळ जात नव्हते. म्हणजे ज्यानं पाच वर्षं फक्त झेंडे लावून सिलेक्शन केलं त्याचं सिलेक्शन कॅटलॉगच्या बाहेर कुणालाच माहीत नसेल. स्टार वापरा. एवढी एक सवय लावली तरी पुढं कधी घर बदलायचं म्हटलं तर अर्धा त्रास वाचतो.

हे नुसतं वाचू नका, करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. ज्या सॉफ्टवेअरची ट्रायल घेतलीय त्यात एक रॉ फोटो घ्या. त्याला चार स्टार द्या, "अक्षता" असा कीवर्ड मराठीतच टाका, एक ओळ कॅप्शन लिहा, झेंडा लावा आणि एका कलेक्शनमध्ये टाका. मग मेटाडेटा फाइलमध्ये सेव्ह करा (लाइटरूमच्या लायब्ररीत कंट्रोल आणि एस). आता फोल्डर उघडून फोटोशेजारची एक्सएमपी फाइल चक्क नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, साधा मजकूर असतो, कंसाकंसात भरलेला. त्यात रेटिंगसमोर चारचा आकडा दिसेल, खाली कीवर्डच्या यादीत "अक्षता" स्वच्छ देवनागरीत दिसेल, कॅप्शन दिसेल. कलेक्शनचं नाव मात्र कितीही शोधा, मिळणार नाही, आणि झेंडा सापडतो का तेही बघा. त्या फाइलमध्ये जे दिसतं ते तुमचं, जे दिसत नाही ते त्या सॉफ्टवेअरचं.

पुढं तीच जोडी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करून बघा की स्टार आले का. इथं एक बारीक गोम आहे. अडोबी फोटोशेजारची फाइल मूळ नावानं बनवतं, म्हणजे फोटोचं एक्सटेन्शन काढून तिथं एक्सएमपी लावतं. डार्कटेबल मात्र पूर्ण फाइलनावाच्या पुढं एक्सएमपी जोडतं. त्यामुळं एकाच फोल्डरवर दोन्ही चालवली की एका फोटोला दोन-दोन शेपट्या दिसतात आणि लोक एक उडवून टाकतात. उडवू नका, दोन्ही आपापल्या मालकाची आहेत. डिजिकॅममध्ये अडोबीसारखं नाव ठेवायचा ऑप्शन सेटिंगमध्ये आहे.

गूगल फोटोज वापरणाऱ्यांनी हेपण ऐका. तिथून सगळं बाहेर काढायला टेकआउट आहे, फोटो मिळतात, पण तुम्ही नंतर बदललेल्या तारखा आणि लिहिलेलं वर्णन वेगळ्या जेसन फाइलींत येतं, फोटोच्या आत नसतं. वडिलांच्या जुन्या फोटोंना तारखा टाकत बसला असाल तर ते काम आधी कॉम्प्युटरवर डिजिकॅमसारख्यात करा आणि मगच वर चढवा.

पायरी ३: चाळून दोन-तीन नावं ठेवा

लाइटरूम नावाची दोन वेगळी सॉफ्टवेअरं आहेत हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. २०१७ मध्ये अडोबीनं फाटे फोडले. क्लासिक म्हणजे जुनं, फोटो तुमच्या हार्डडिस्कवर. नुसतं लाइटरूम म्हणजे क्लाउडवालं, त्यात मूळ फोटो अडोबीच्या सर्व्हरवर चढवायची सोय हाच मुख्य मुद्दा. आता आपला हिशोब करा: एक रॉ ३० एमबी धरला तर तीन हजार फोटो म्हणजे ९० जीबी, आणि २० एमबीपीएसचा अपलोड सलग मिळाला तरी चढवायला दहा तास. एक टीबीची जागा अकरा लग्नांत भरली. लग्नवाल्यांनी क्लासिकच घ्यावं, दुसऱ्याचा विचारही करू नये. फिरत्या माणसाला, ज्याचे महिन्याला शंभर-दोनशे फोटो आणि अर्धं एडिटिंग मोबाईलवर, त्याला क्लाउडवालं खरंच सोयीचं आहे.

क्लासिकची जमेची बाजू म्हणजे शोध आणि सिंक. एका फोटोला केलेलं चारशे फोटोंना लावायचं, मास्कसकट (फोटोचा निवडलेला तेवढाच भाग), आणि मास्कनं प्रत्येक फोटोत आपापला माणूस शोधायचा, हे त्याला छान जमतं. खोट म्हणजे फोटो वाढले की जड होतं, आणि दर वर्षी भाडं. भाडं बंद केलं तर काय होतं याबद्दल लई अफवा आहेत. फोटो कुठं जात नाहीत, क्लासिक उघडतं, लायब्ररी चालते, एक्सपोर्टपण होतं, डेव्हलप आणि मॅप ही दोन मॉड्यूल मात्र बंद पडतात. म्हणजे बघता येतं, नवीन काम होत नाही.

कॅप्चर वन हे डेन्मार्कच्या कंपनीचं. भाड्यानंही मिळतं आणि एकरकमीही. चादर-टॉवेलवाल्यांच्या प्रॉडक्ट फोटोला माझी पहिली पसंती हीच. कारण टेदरिंग, म्हणजे कॅमेरा वायरनं कॉम्प्युटरला जोडून शूट करायचं. फोटो काढला की पुढच्या क्षणी मोठ्या स्क्रीनवर, आणि पहिल्या फोटोला केलेलं व्हाइट बॅलन्स आणि क्रॉप पुढच्या प्रत्येक फोटोला आपोआप लागून येतं. शेजारी कारखान्याचा माणूस प्रत्यक्ष चादर हातात धरून उभा असतो आणि जागेवर सांगतो की हा रंग नाही, ह्यात थोडा राणी पाहिजे. विणीच्या कापडावर कधीकधी जे इंद्रधनुषी पट्टे येतात त्याला मोआरे म्हणतात, ते कमी करायचं टूल यातही आहे आणि लाइटरूममध्येही, पण खरा उपाय म्हणजे कॅमेरा थोडा पुढं-मागं करून परत काढणं, आणि टेदर असेल तर ते पट्टे तिथंच दिसतात, घरी जाऊन नाही. शिवाय यात सेशन म्हणून पद्धत आहे: एका कामाचा एक फोल्डर, त्यात शूट केलेले, निवडलेले, तयार झालेले आणि टाकाऊ असे चार पोटफोल्डर. काम संपलं की पूर्ण फोल्डर उचलून पार्टीच्या नावानं डिस्कवर. मोठ्या कॅटलॉगची कटकटच नाही. पण दहा वर्षांच्या फोटोंत एक शोधायचा असेल तर हीच पद्धत नडते.

डीएक्सओ फोटोलॅब नान्नजवाल्यांसाठी. त्याचं डीपप्राइम डीनॉइज खरोखर भारी आहे आणि लेन्सच्या दुरुस्त्या तर फारच बारीक. इम्पोर्ट करायची भानगड नाही, फोल्डर दाखवला की काम चालू. फोटो सांभाळायच्या बाबतीत मात्र बेताचं. त्यामुळं बरेचजण लाइटरूम ठेवून याचंच धाकटं भावंड प्योररॉ लावतात, तेवढ्यानंच भागतं. त्यातून निघणारी डीएनजी मूळ रॉच्या मानानं फारच मोठी असू शकते, तेव्हा निवडलेल्या फोटोंवरच चालवा, अख्ख्या कार्डावर नको.

फुकटवाल्यांत डार्कटेबलला मी मनापासून मानतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, एडिटिंगची ताकद पैशाच्या सॉफ्टवेअरला टक्कर देणारी. पण ते उघडल्याबरोबर मॉड्यूलची जी रांग दिसते ती बघून अर्धे लोक तिथूनच परत येतात. युक्ती अशी की सुरुवातीला एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड आणि प्रोफाइलवालं डीनॉइज एवढीच चार मॉड्यूल वापरायची, बाकीच्यांकडं बघायचंच नाही. लाइटरूमच्या सवयीनं हायलाइटचा स्लायडर शोधत बसाल तर डोकं फिरेल. शांत बसून शिकणाऱ्याला सोनं, आणि उद्या अल्बम द्यायचाय अशाला डोकेदुखी.

डिजिकॅम घरच्या फोटोंसाठी. तुमचे फोल्डर म्हणजेच त्याचे अल्बम, चेहरे ओळखतं आणि ते सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर, कुठं काही पाठवत नाही. दुप्पट झालेले फोटो शोधून देतं. दिसायला जुनाट आहे. असू दे.

बाकीची भराभर: रॉथेरपी एकेका फोटोवर बारीक काम करायला उत्तम. फोटो मेकॅनिक प्रेसवाल्यांचं, कॅमेऱ्यानं रॉच्या आत ठेवलेला जेपेगच दाखवतं त्यामुळं छाटणी वाऱ्यासारखी होते. फोटोशॉपसारख्या कामाचं गिम्प २०२५ मध्ये ३.० झालं, फुकट आणि बरंच सुधारलं. तसलंच अफिनिटी कॅनव्हानं विकत घेतलं आणि २०२५ च्या शेवटी फुकट केलं, कॅनव्हाचं खातं मात्र लागतं. अडोबी ब्रिज फुकट आहे, फोल्डर बघायला आणि कीवर्ड टाकायला चांगलं. आणि तुमच्या कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, हे फुकट असून कोणी उघडतसुद्धा नाही. कॅमेऱ्याच्या मागं दिसतात तसेच रंग हवे असतील तर आधी ते बघा.

अल्बमवाल्यांसाठी कडू गोष्ट: आपल्याकडचे सगळे टेम्पलेट पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलीत) येतात. १२ बाय ३६ चं पान ३०० डीपीआयनं म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, त्यात स्मार्ट ऑब्जेक्ट, क्लिपिंग मास्क, इफेक्ट. गिम्प आणि अफिनिटी पीएसडी उघडतात, पण असं गुंतागुंतीचं पान उघडून बघितल्याशिवाय भरवसा देता येत नाही. महिन्याला दोन-चार अल्बम करत असाल तर फोटोशॉप लागणारच, आणि ते घेतलं की फोटोग्राफी प्लॅनमध्ये लाइटरूम सोबतच येतं. मग वेगळं सॉफ्टवेअर घेण्यात काय अर्थ उरत नाही.

पायरी ४: आपल्याच नाठाळ फोटोंवर परीक्षा घ्या

कंपनीचे सॅम्पल फोटो सगळीकडं छानच दिसतात. तुम्ही एक परीक्षेचा फोल्डर करून ठेवा, साधारण तीनशे रॉ, आणि प्रत्येक ट्रायलमध्ये तोच वापरा. माझ्या फोल्डरमध्ये हे हमखास असतात.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दुपारचा फोटो. जानेवारीचं कडक ऊन, हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत (बंदांचा अंगरखा) आणि वर आभाळात गेलेले नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या. यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, हायलाइट खाली ओढल्यावर बाराबंदीच्या चुण्या आणि बंद दिसतात का, का नुसता राखाडी पत्रा होतो. दुसरी, आकाशाचं ऑटो मास्क लावा आणि नंदीध्वजाच्या कडेला शंभर टक्के झूम करा. काठी बारीक, तिच्यावर बाशिंग-हार, मागं निळं आभाळ. तिथं कडेनं पांढरट रेघ येते का, हारांच्या मधल्या फटीतून दिसणारं आभाळ मास्कनं पकडलं का सोडलं, एवढ्यावरून त्या मास्कची लायकी कळते. आणि तोच मास्क पुढच्या वीस फोटोंना लावून बघा, कारण एकावर जमणं वेगळं.

मग हळदीचा फोटो, मंगल कार्यालयातला. वरून पांढऱ्या ट्यूब, बाजूला निळे-गुलाबी एलईडी, खिडकीतून ऊन, आणि नवरीच्या गालावर पिवळी हळद. पिवळा रंग फुटून सपाट ठिगळ दिसतं का आणि एलईडीचा निळा हातावर जांभळा डाग सोडतो का, ते बघा. व्हाइट बॅलन्स सुधारताना हळद केशरी झाली तर पार्टी ओरडते, अनुभव आहे सगळ्यांना.

तिसरा, यात्रेतलाच शोभेच्या दारूकामाचा रात्रीचा, वाढीव आयएसओचा. आणि चौथा नान्नजचा, वाळलेलं गवत आणि त्यात काळवीट. डीनॉइजवाले सगळे मोकळ्या आभाळावर छान काम करतात, वाळक्या गवतावर त्यांचं पितळ उघडं पडतं: गवताच्या काड्या वितळून मेणासारख्या होतात, नाहीतर नसलेल्या काड्या उगवतात. प्राण्याच्या डोळ्याकडं बघू नका, तो सगळ्यांना जमतो, पायाजवळचं गवत बघा.

हे करताना मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. इम्पोर्टला किती, एक फोटो शार्प दिसून पुढचा यायला किती, चाळीस फोटो एक्सपोर्टला किती. छाटणीत प्रत्येक फोटोमागं एक सेकंद जास्त लागला तर तीन हजार फोटोंना पन्नास मिनिटं गेली. अडोबीची ट्रायल सात दिवसांचीच असते, तेव्हा लग्नाच्या तारखांमध्ये सुरू करू नका, आषाढात करा.

पायरी ५: मराठी टाइप करून बघा

हा मुद्दा बाहेरच्या कुठल्याही रिव्ह्यूत नसतो आणि आपल्याला रोज लागतो. टेक्स्ट टूल घ्या आणि "श्री सिद्धेश्वर प्रसन्न" लिहा. श्री नीट जुळला का, द्ध एकत्र आला का, रफाराचा एखादा शब्द, म्हणजे "सूर्य" वगैरे, तोपण टाका. अफिनिटीच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं तुटायची, नवीन घेत असाल तर हे आधी तपासा. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी भलतीकडंच जाऊन बसते. गिम्प हे मुळातच बरोबर दाखवतं.

कीवर्डचं वेगळंच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं कॅप्शनमध्ये पेस्ट केलं तर तिथं कचरा दिसणार, युनिकोडच पाहिजे. आणि युनिकोडमध्येही आपण एकजण "सिद्धेश्वर" लिहितो, दुसरा "सिध्देश्वर". डोळ्यांना जवळपास सारखं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, म्हणून सर्चमध्ये अर्धेच फोटो येतात. स्टुडिओत दोघं-तिघं काम करत असाल तर कीवर्डची एक यादी करून सगळ्यांनी त्यातूनच निवडायचं, हातानं टाइप करायचं नाही. लाइटरूममध्ये कीवर्डला पर्यायी शब्द जोडता येतात, तिथं रोमन स्पेलिंग टाकून ठेवा. फाइलचं आणि फोल्डरचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवलेलं बरं, पेनड्राइव्ह आणि झिप करताना देवनागरी नावांची कुठं कुठं वाट लागते.

पायरी ६: मशीन, लाईट आणि ऊन

रॅम १६ जीबीच्या खाली असेल तर आधी ती वाढवा, सॉफ्टवेअर बदलून वेग येणार नाही. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू एसएसडीवर, फोटो साध्या डिस्कवर चालतात. एआय डीनॉइजला ग्राफिक कार्ड पाहिजेच, नाहीतर एका फोटोला मिनिटं लागतात. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवर उघडत नाही, त्यामुळं दोन कॉम्प्युटरवर एकाच कॅटलॉगमध्ये काम करायचं स्वप्न सोडा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या गाळ्यात लॅपटॉप तापून स्वतःच हळू होतो. स्टॉपवॉचची परीक्षा एसीत घेतली आणि काम गाळ्यात केलं तर आकडे जुळणार नाहीत. मोठं डीनॉइज किंवा एक्सपोर्ट रात्री लावून झोपा. आणि यूपीएस. कॅटलॉग म्हणजे शेवटी एक डेटाबेस फाइल आहे, लिहिता लिहिता लाईट गेली तर ती खराब होऊ शकते. बंद करताना बॅकअप घेऊ का असं लाइटरूम विचारतं तेव्हा नाही म्हणायची सवय मोडा, आणि तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जाईल असं बघा. त्या बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त कॅटलॉग असतो. फोटोंच्या कॉपी वेगळ्याच घ्यायच्या.

पायरी ७: तीन वर्षांचा खर्च मांडा

एका वर्षाचा आकडा फसवतो. भाड्याचं असेल तर तीन वर्षांचं भाडं जीएसटीसकट, एकरकमी असेल तर किंमत अधिक मधे एखादं अपग्रेड. परदेशी कंपनी डॉलर-युरोत बिल करत असेल तर कार्डाचा चार्जपण धरा. एकरकमीवाल्यांनी हे लक्षात ठेवा की जुन्या व्हर्जनला नवीन कॅमेरा कळत नाही. लाइटरूम ६ हे शेवटचं एकरकमी व्हर्जन, त्याचे अपडेट २०१७ ला थांबले, आणि कॅननच्या सीआर३ फाइली २०१८ ला आल्या. झालं, नवीन बॉडी घेतली की फोटोच उघडेनात. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून काढून जुन्यात उघडता येतात, पण हा उपाय प्रत्येक सॉफ्टवेअरला सारखा लागू पडत नाही.

क्रॅकबद्दल मी शहाणपण शिकवत नाही, फक्त व्यवहार सांगतो: जनरेटिव्ह फिलसारखी कामं कंपनीच्या सर्व्हरवर होतात, ती लॉगिनशिवाय चालत नाहीत, आणि क्रॅकसोबत काय आलं हे कळतं तेव्हा लग्नांचा डेटा लॉक झालेला असतो.

पायरी ८: मुक्काम हलवताना

निवडलं की सगळे जुने फोटो लगेच नवीनमध्ये ओतू नका. एक तारीख ठरवा, त्या तारखेपासूनचं नवं काम नव्यात, जुनं जुन्यातच राहू द्या. फोल्डर साधे ठेवा, वर्ष, मग तारीख आणि कामाचं नाव, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय हातानं सापडतील. फोल्डर हलवायचे असतील तर सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवा, विंडोजमधून हलवले की सॉफ्टवेअरला फोटो सापडेनासे होतात.

जुनं सोडायच्या आधी, भाडं चालू असतानाच, तीन गोष्टी उरका. झेंडे लावलेले सगळे फोटो फिल्टर करून त्यांना एकदम स्टार द्या. पूर्ण लायब्ररी सिलेक्ट करून मेटाडेटा फाइलींत लिहा, फोटो लाखभर असतील तर रात्रभर चालू राहील. आणि तयार झालेल्या फोटोंचं पूर्ण साइजचं जेपेग, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, मूळ रॉच्या शेजारी एका पोटफोल्डरमध्ये काढून ठेवा, कारण एडिटिंग तर सोबत येणार नाही, निकाल तरी राहील. महत्त्वाच्या दहा-वीस फोटोंचं १६ बिट टिफ काढा, पुढं कधी मोठा प्रिंट मागितला तर त्यावर थोडं काम करता येतं. हे झाल्यावर एका जुन्या लग्नाचा फोल्डर नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, चार स्टारवाले फिल्टर करा, आणि आकडा जुन्यातल्या आकड्याशी जुळतो का ते बघा. जुळला तरच भाडं बंद करा.